एक जून

पेन्शनच्या कागदांत जन्मतारखेचा रकाना भरला
आणि पेन थांबलं.
एक जून.
म्हणजे तुम्हीसुद्धा, बाई?

मला एक जून त्यांनीच दिला.
पेठ नाक्याजवळची शाळा, पत्र्याचा वर्ग,
आई चुरमुऱ्याच्या भट्टीवरून तशीच आलेली,
केसांत राख.
"कधीचा हा?"
"मारुतीच्या कमरेला पाणी लागलं व्हतं, त्या साली."
दर दोन-चार सालांनी लागतं ते.
बाईंनी माझे दात पाहिले,
डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला.
धरला गेला.
मग निळ्या शाईनं मी जन्मलो, सुकदेव दगू गांगुर्डे,
माझ्याआधी सकाळपासून सात जण जन्मले होते
आणि मागे रांगेत वाल्हूबाईची जुळी उभी होती.

तेव्हा त्या नुसत्या बाई होत्या.
मॅडम झाल्या सिमेंटच्या इमारतीबरोबर,
टेबलावर काच आली, दारावर पाटी, व. रा. खैरनार, मुख्याध्यापिका.
मी कारकून म्हणून लागलो त्याच दारात
आणि पहिल्याच दिवशी तोंडातून बाई निघालं.
त्यांनी वर पाहिलं नाही. नाराज नव्हत्या.

सिंहस्थात वर्ग पोलिसांना जायचे.
तीन सिंहस्थ काढले त्यांनी.
पहिल्याच्या वेळी मी चौथीत.
फळ्यावर राहिलेली बंदोबस्ताची यादी त्यांनी पुसू दिली नाही.
एकशे अठ्ठ्याण्णव शिपाई, तीन पाळ्या,
दर पाळीला किती?
मी बहात्तर म्हणालो.
बाईंचा हात जड होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुरात जनरल रजिस्टरं भिजली तेव्हा
चांदोरीहून भावाकडून बेदाण्याच्या जाळ्या आणवल्या,
गच्चीवर पानं पसरली, पानागणिक एक खडा.
चार दिवस शाळेची सगळी पोरं वाळत होती तिथं,
गेलेली, असलेली.
शाई फुटली होती तिथं बाई नाव सांगायच्या, मी लिहायचो.
एकदाच अडल्या.

झुंबर भोये, आठवी ब.
तिचा बाप आला होता, तारीख तीन वर्षं मागं घ्या म्हणाला,
सोयरीक चांगली आहे.
बाई म्हणाल्या, खाडाखोड चालत नाही.
सोमवारी पोरगी आली नाही. मंगळवारी बाई तिच्या पाड्यावर गेल्या,
घराला कडी होती.
तारीख शाबूत आहे अजून.
शेऱ्याचा रकाना कोरा.
ऑडिटवाल्यांनी दोनदा लाल खूण केली,
दोनदा बाईंनी शेजारी सही केली, लिहिलं काही नाही.

एकतीस मे. सुट्टीतली शाळा.
एक जूनवाल्यांना पोरांच्या देखत निवृत्त होता येत नाही.
डेडस्टॉक मोजला आम्ही दोघांनी,
पृथ्वीगोल दोन, एकाला दांडा नाही,
हार्मोनियम एक, उंदरांनी भाता खाल्लेला,
किल्ल्या एकोणीस, त्यातल्या पाच कशाच्या ते कोणाला माहीत नाही.
सही झाल्यावर मी विचारलं, खरी तारीख?

"आई म्हणायची, बाजरी निसवली होती.
गुरुजींना घाई असेल."
चष्मा पुसला.
"म्हणजे ऑगस्टचा शेवट धर. तीन महिने गेले बघ.
पोरं असती."
आणि जाळीतून कबुतरांनी केलेल्या घाणीबद्दल बोलायला लागल्या,
शिपायाला सांग, पंधराच्या आत धुऊन घे.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन सकाळी सातपासून लागेना.
अर्ध्या पंचवटीचा वाढदिवस.

पंधरा तारखेला पहिली आई खिडकीशी आली,
मोबाइलवर दाखला, शिक्क्यासकट,
वेळ पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
विचारायचं काही उरलं नव्हतं.
तरी मी पोराला म्हणालो, कान धर बघू पलीकडचा.
हसला. धरला.
लिहून घेतलं, सव्वीस ऑगस्ट.
बाजरी निसवली असेल.